दाराशी येणारा व्यापारी

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी निरनिराळ्या स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आगर या शब्दावरून आगरी हे नाव कसे पडले, खाडीचे पाणी बांध घालून अडवून आपल्या पूर्वजांनी खाजण जमीन भाताखाली कशी आणिली, मिठागरांत राबणाऱ्या हातांना मोबदला किती अल्प मिळे, आणि जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासईच्या परिसरात आपल्या पाच बांधवांनी प्राण कसे वेचले, हे विषय अभ्यासू मंडळींनी हाताळिले आहेत. धवलारिणींच्या गीतांचा संग्रह करण्याचेही प्रयत्न झाले आहेत. परंतु या सर्व लेखनात एक माणूस कोठेच आढळत नाही. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता आणि गावचाही नव्हता. वर्षातून दोन-चार वेळा तो डोक्यावर पाटी, खांद्यावर गाठोडे किंवा पाठीवर पेटारा घेऊन येई, ओटीवर टेकून तांब्याभर पाणी घेई, आपला माल विकी आणि पुढच्या गावाची वाट धरी. त्या फिरत्या विक्रेत्याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय क्षुल्लक आहे, असे कोणास वाटण्याचा संभव आहे. तथापि थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, आपल्या घरांतील पुरुषांच्या व्यवहाराची नोंद कोठे ना कोठे राहिली आहे. जमीन सातबाऱ्यावर आहे, कर्ज सावकाराच्या वहीत आहे, तंटे कचेरीच्या दप्तरात आहेत. घरातील स्त्रीने स्वतः भाव करून, स्वतःच्या हाताने धान्य मापून जो व्यवहार केला, त्याचा मात्र एकही कागद नाही. तो व्यवहार बाजारपेठेत झाला नाही. तो ओटीवर झाला, आणि ज्याच्याशी झाला तो हा फिरता विक्रेता. त्याला विसरणे म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या कर्तेपणाचा अर्धा इतिहास विसरणे होय.

गावे आणि वाटा

आज ज्या भूमीला आपण नवी मुंबई म्हणतो, ती पूर्वी खाडी आणि डोंगर यांच्या कात्रीत सापडलेली एक चिंचोळी पट्टी होती. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचा डोंगर, आणि मध्ये दिवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, करावे, बेलापूर अशी गावे. दक्षिणेकडे पनवेल आणि उरण या तालुक्यांतील आपली गावे. खाडीवरील वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्यापूर्वी मुंबईस जावयाचे म्हणजे मचव्याने किंवा लाँचने जावयाचे, नाही तर ठाण्यावरून वळसा घ्यावयाचा. पनवेल, ठाणे आणि उरण या खऱ्या बाजारपेठा. पावसाळ्यात खाजणाच्या बांधावरून चालणे म्हणजे गुडघाभर चिखल तुडवणे.

अशा स्थितीत घरधनी कामानिमित्त बाजारी जाई. परंतु लावणी, बेणणी, कापणी, गुरेढोरे आणि मुलेबाळे यांच्यात अडकलेल्या गृहिणीला बाजार वर्षातून किती वेळा दिसणार? म्हणून बाजारच तिच्या दाराशी येई. तो तुकड्या-तुकड्याने येई: आज बांगड्या, पंधरा दिवसांनी सुया-दोरे, महिन्याने कल्हईचा भाता.

या पायवाटांचा इतिहास फार जुना आहे. पनवेलचे बंदर आणि बोरघाट यांमुळे कोकण व देश यांच्यामधील मोठी वाहतूक आपल्याच परिसरातून होत असे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणचे मीठ घालून घाट चढत आणि देशावरचे धान्य घेऊन खाली उतरत. ते मीठ आपल्यासारख्यांच्याच घामाचे होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली. बैलांच्या तांड्यांचा व्यापार त्यानंतर मोडला. मोठा माल आगगाडीवर गेला, पण सुई, बांगडी आणि कुंकू यांना आगगाडी घराच्या ओटीपर्यंत आणू शकत नव्हती. तेवढे काम माणसाच्या पायांकडेच राहिले आणि पुढे शंभर वर्षे ते पायांनीच केले.

गावगाड्यातील स्थान

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत बलुतेदार आणि अलुतेदार यांची स्थाने ठरलेली होती, हे सर्वश्रुत आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात त्यांच्या याद्या दिल्या आहेत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार. तेली, तांबोळी, साळी, शिंपी, गोंधळी इत्यादी अलुतेदार. सुगीच्या वेळी खळ्यावर बलुतेदाराचा हक्क असे; काम थोडे झाले वा अधिक झाले तरी त्याचा वाटा बुडत नसे.

फिरत्या विक्रेत्याला असा कोणताही हक्क नव्हता. त्याला वतन नव्हते, खळ्यावर वाटा नव्हता आणि गावच्या पंचांत कोणी त्याच्या बाजूने बोलणाराही नव्हता. त्याच्यापाशी भांडवल दोनच वस्तूंचे: पाठीवरचा माल आणि तोंडचा शब्द. आत्रे यांनी आपल्या ग्रंथात गावोगाव हिंडणाऱ्या फिरस्त्यांविषयी बरेच कठोर लिहिले आहे. कुणब्याच्या घामावर जगणारा हा मोठा समुदाय आहे, असा त्यांचा रोख आहे. फसवणारे, माप मारणारे, देवाच्या नावाने धान्य उकळणारे त्यांत होते, यात संशय नाही. परंतु सर्वांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. भिक्षा मागणारा आणि माल देऊन मोल घेणारा, यांतील भेद आपल्या आज्या चांगला जाणत होत्या. एकाला त्या पसाभर तांदूळ घालीत, दुसऱ्याशी घासाघीस करीत. घासाघीस हा एक प्रकारचा मानच होय; ती बरोबरीच्या माणसाशीच होते.

सरकारची दृष्टी मात्र तेवढी सूक्ष्म नव्हती. हा विक्रेता केवळ आपल्याच देशात होता असे नाही. आयर्लंड, इंग्लंड येथील खेड्यांतही सुया, फिती, दोरे आणि छापील गाणी पाठीवर घेऊन हिंडणारे विक्रेते असत. दूरच्या शेतघरांना गावोगावच्या बातम्या त्यांच्याच तोंडून कळत. इंग्लंडमध्ये अशा विक्रेत्यांना परवाना घ्यावयास लावणारा कायदा सतराव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता. पुढे १८७१ साली तेथील पार्लमेंटने फिरत्या विक्रेत्यांना पोलिसांकडून दाखला देण्याचा कायदा केला. योगायोग असा की, त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तेथे फिरणाऱ्याला दाखला मिळाला. येथे कित्येक फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यात आले. १९११ नंतर तो कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो रद्द झाला. कायदा गेला, पण अनोळखी फिरस्ता दिसला की संशय घ्यावा, ही सवय समाजात राहून गेली.

कासारमामा

आपल्या गावांत येणाऱ्या सर्व विक्रेत्यांत अग्रस्थान कासाराचे. कोठे हा धंदा हिंदू कासार करीत, कोठे मुसलमान मणियार. घरातील स्त्रियांना त्याचे मोल नव्हते; तो ‘कासारमामा’ होता. या ‘मामा’ शब्दात मोठा अर्थ आहे. ज्या काळी परपुरुषासमोर सासुरवाशीण पदर सावरून दाराआड उभी राहत असे, त्या काळी चारचौघांदेखत तिचा हात हातात घेणारा हा एकच परका पुरुष होता. तो हात घेण्याचा अधिकार मामाच्या नात्यावाचून मिळणे शक्य नव्हते. म्हणून समाजाने ते नाते त्याला देऊन टाकले आणि त्यानेही ते पिढ्यान् पिढ्या जपले.

बांगडी भरणे ही कला आहे. मनगटाची हाडे पाहून माप ओळखावयाचे, अंगठा आत वळवून पंजा आवळावयाचा, आणि काच न तडकता व कातडी न सोलता बांगडी सरकवावयाची. भात लावून, मीठ ओढून राठ झालेल्या हातांत बांगडी चढविणे तर विशेष कौशल्याचे. बांगडी फुटली असे म्हणावयाचे नाही. ‘वाढवली’ म्हणावयाचे, हा आपल्या भाषेचा संकेत. कासार त्याला कधीही चुकत नसे. लग्नात हिरवा चुडा भरून झाला की नवरी कासाराला वाकून नमस्कार करी. गौरी-गणपतीच्या आधी, ओटभरणाच्या वेळी आणि लग्नसराईत त्याची फेरी ठरलेली.

त्या चिमुकल्या काचेच्या वर्तुळात मोठे जग सामावलेले होते, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमिया प्रांतात तयार झालेल्या काचेच्या बांगड्या हिंदुस्थानच्या बंदरांत मोठ्या प्रमाणावर उतरत. युद्धाने ती आयात तुटली. मग जपानी माल आला आणि उत्तर हिंदुस्थानातील फिरोझाबादच्या भट्ट्यांना जोर चढला. मुंबईच्या घाऊक पेठेतून हा माल पनवेलसारख्या गावच्या दुकानदाराकडे आणि तेथून कासाराच्या पाठीवरून आपल्या ओटीपर्यंत पोचे. युरोपातील महायुद्धामुळे खाजणातल्या एखाद्या नवरीचा चुडा महाग झाला असेल, हे त्या नवरीला कोण सांगणार?

या आनंदाच्या प्रसंगाला एक काळी कडाही होती. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक विधवा चुलती होती. कासार ओटीवर बसला की ती मागील दाराने विहिरीकडे जाई. काही तरी कामाचे निमित्त असे, पण इतर दिवशी त्या वेळेला ते काम निघत नसे. कासारालाही हे ठाऊक होते. घरातील प्रत्येकीचे नाव घेऊन चौकशी करणारा तो मनुष्य तिच्याविषयी मात्र कधी विचारीत नसे. त्या मौनात दया होती, पण त्या दयेने तिचे हात भरले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून, पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे इत्यादी प्रथा बंद केल्या आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढिले. हे वृत्त वाचताना मला ती विहीर आठवली. आपल्या गावांतूनही असे ठराव व्हावेत, असे मी या ठिकाणी आग्रहपूर्वक सुचवितो.

इतर पाहुणे

कासाराखालोखाल कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. तांब्या-पितळेच्या भांड्यांची कल्हई उडाली की त्यांत आंबट पदार्थ कळकतो आणि खाणाऱ्यास बाधतो. कल्हईवाला झाडाखाली जमिनीत लहानसा खड्डा करी, कोळसे पेटवून भात्याने फुलवी आणि भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नाकाला झणका बसे. मग कथिलाची कांडी क्षणभर टेकवून कापसाच्या बोळ्याने ती भांडेभर फिरवी. काळे पडलेले पातेले डोळ्यांदेखत चांदीसारखे लखलखे. शाळेत रसायनशास्त्र शिकविताना, धातूवरील मळ नवसागराने निघतो आणि म्हणूनच कथील चिकटते, हे मी मुलांना सांगत असे. परंतु त्याचा पहिला पाठ मी त्या झाडाखाली घेतला होता.

टाकी लावणारा येई. जाते किंवा पाटा गुळगुळीत झाला की धान्य नीट भरडत नाही. तो छिन्नी-हातोड्याने त्या दगडावर पुन्हा खाचा पाडून देई. बुरूड सुपे व टोपल्या आणी. भात पाखडावयास सूप तर घरोघरी लागणारच. वैदूंच्या बायका सुया, पोत, बिब्बे विकीत. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई, परंतु आपल्या गावांत तिला फारसे काही मिळत नसे. कारण आपल्या घरी जुने लुगडे टाकून दिले जातच नव्हते. त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे होई. क्वचित हिंग विकणारा उंच पठाणही दिसे. बंगालीत रवींद्रनाथांनी १८९२ साली ‘काबुलीवाला’ या कथेत ज्या माणसाला अमर केले, त्याचेच हे भाऊबंद.

डोंगराकडून कातकरी व ठाकर स्त्रिया येत. लाकडाची मोळी, मध, करवंदे, पावसाळ्यातील रानभाज्या त्या आणीत आणि बदली मीठ, सुकट, तांदूळ नेत. कर्नाळा-माथेरानच्या बाजूचा डोंगर आणि खाडीचा किनारा यांची ही देवघेव पैशाशिवाय चाले. तथापि या देवघेवीत आपल्या बाजूचे माप नेहमीच शिगोशीग भरलेले असे, असे म्हणवत नाही. उन्हात पाच-सहा कोस चालून आलेली स्त्री मोळी परत नेऊ शकत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असे आणि भाव त्याप्रमाणे पाडला जाई. इतिहास लिहावयाचा तर आपल्या अंगणातील एवढा भागही लिहिला पाहिजे.

भाताची उधारी

आता या व्यवहाराच्या मुळाशी जाऊ. कासाराची मोठी फेरी श्रावणात, गौरी-गणपतीच्या तोंडावर. त्या वेळी शेतकऱ्याचे घर सर्वांत रिकामे असते. जुने भात संपत आलेले आणि नवे अजून शेतात उभे. रोख पैसा तर नाहीच. मग बांगड्या भरल्या कशाच्या बळावर जात? त्या उधारीवर भरल्या जात. भात कापून, झोडून घरात आले की मार्गशीर्ष-पौषात कासार पुन्हा येई आणि ठरल्याप्रमाणे पायली-अधोलीने भात मापून घेई. मध्यंतरी चार-पाच महिने गेलेले. कागद नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाही. काही घरांत चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढून हिशेब ठेवीत. बहुतेक ठिकाणी तो दोघांच्या ध्यानातच असे.

“मामा, या साली पाणी शेतात शिरलं, भात अर्धंच आलं,” असे एखादीने सांगितले, तर तो निमूट अर्धेच घेई आणि उरलेले पुढील वर्षावर टाकी. खाजणाचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि वर्षाचे पीक जाते, हे त्याला सांगावे लागत नसे. त्याचे पोटही त्याच बांधावर अवलंबून होते.

हा विश्वास केवळ चांगुलपणावर उभा होता असे मानण्याचे कारण नाही. त्यामागे व्यवहाराची एक भक्कम चौकट होती. तोच कासार तिच्या सासरी येई आणि माहेरीही जाई. तिने भात बुडविले तर तिच्या आईच्या ओटीवर ती गोष्ट निघे. त्याने काच हलकी दिली किंवा माप दाबून घेतले, तर विहिरीवरच्या बायका आठ दिवसांत ती वार्ता पाच गावांत पोचवीत आणि पुढील फेरीला त्याला कोणी ओटीवर बसू देत नसे. दोघांनाही एकमेकांची गरज होती आणि दोघांचीही अब्रू पणाला लागलेली होती.

माहेरचा निरोप आणणारा, हे त्याचे आणखी एक रूप. टपाल होते, पण लिहिणे-वाचणे किती जणींना येत होते? “तुझी आई बरी आहे, गाय व्याली, धाकटीचं लग्न माघात धरलंय,” एवढे शब्द तो पेटाऱ्याबरोबर आणी. त्या शब्दांचे मोल मात्र त्याने कधी मागितले नाही. आयर्लंडच्या दूरस्थ शेतघरांत फिरत्या विक्रेत्याचे स्वागत ज्या बातम्यांसाठी होई, त्याहून ही बातमी वेगळी नव्हती.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. भाताच्या कणगीतून दोन-चार पायल्या काढण्याचा अधिकार गृहिणीचा होता. कोंबड्यांची अंडी तिची होती. परसातील चिंच, वाळवलेली सुकट तिचीच. जमिनीच्या कागदावर तिचे नाव नव्हते, पण कणगीवर तिचा हात होता. फिरता विक्रेता धान्य घेत असल्यामुळेच ती कोणालाही न विचारता खरेदीदार होऊ शकत होती.

आपल्याही डोक्यावर पाटी होती

फिरत्या विक्रेत्याकडे आपण केवळ यजमानाच्या दृष्टीने पाहून चालणार नाही. आपल्या ज्ञातीच्या आणि शेजारच्या कोळी समाजाच्या स्त्रियांनीही डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव पायपीट केली आहे. मीठ, सुकी मासळी, वाल, भाजीपाला घेऊन त्या डोंगराकडील गावांत जात, पनवेल-ठाण्याच्या बाजारी बसत, मोऱ्याच्या धक्क्यावरून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईच्या गल्ल्यांतून फिरत. इंग्रजी अमदानीत मिठावर कर होता आणि विनापरवाना मीठ बाळगणेही गुन्हा होता. म्हणजे जे मीठ आपल्या हातांनी पिकविले, ते विकताना आपल्याच बायांना शिपायाची भीती बाळगावी लागे. परक्या गावात, परक्या ओटीवर “पाणी देता का, बाय?” असे विचारण्याची वेळ त्यांच्यावरही येत असे. आपल्या दारी आलेल्याला आपल्या आज्यांनी पाणी दिले, ते या अनुभवातूनच दिले असावे.

फेरी थांबली

ही फेरी कशी थांबली? स्टीलची भांडी आली म्हणून कल्हई गेली, पिठाची गिरणी आली म्हणून टाकी लावणारा गेला, दुकाने जवळ आली म्हणून कासार गेला, असे सामान्यतः सांगतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहू लागले. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. शेत गेले, तेव्हा भात गेले. भात गेले, तेव्हा कणगी रिकामी झाली. आणि ज्या नाण्यात गृहिणी आपला व्यवहार करीत होती, ते नाणेच चलनातून नाहीसे झाले.

जमिनीचा मोबदला मिळाला, तो अपुरा होता आणि त्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्याला लढा द्यावा लागला, साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व रक्त सांडून पदरात पाडून घ्यावे लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तो मोबदला बहुतांशी ज्याचे नाव कागदावर होते त्याच्या, म्हणजे पुरुषाच्या हाती आला. कणगीवर असलेला स्त्रीचा हात धनादेशावर नव्हता. कित्येक घरांत त्या पैशाचे काय झाले, हे वाचकांना मी सांगावयास नको. ज्या स्त्रिया काल ओटीवर बसून घासाघीस करीत होत्या, त्यांना आज कुंकवाच्या पुडीसाठीही नवऱ्याकडे किंवा मुलाकडे हात पसरावा लागला. ज्या खंबीर होत्या, त्यांनी पाटी उचलली आणि नव्या वसाहतींच्या नाक्यांवर मासळी व भाजी विकावयास बसल्या. फिरता विक्रेता आपल्या दारातून गेला, तेव्हा आपल्याच घरातील एक स्त्री दुसऱ्याच्या दारात उभी राहिली.

आजचा फेरीवाला

मे १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यात आला, आणि आता तर मोबाइलवर बोट टेकविले की वस्तू दाराशी येते. वस्तू येते, परंतु आणणाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक नसते. तो जिन्यावरच उभा राहतो आणि त्याला पाणी विचारण्याइतकाही वेळ ना त्याला असतो ना आपल्याला.

स्टेशनच्या बाहेर आणि नाक्यानाक्यावर बसणाऱ्या फेरीवाल्यांविषयी आपल्या बैठकांतून बरेच कडवटपणे बोलले जाते. पदपथ मोकळे असावेत, हे रास्तच आहे. तथापि संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला आहे, हेही ध्यानी ठेवावयास हवे. त्यानुसार प्रत्येक शहराच्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के प्रतिनिधी खुद्द विक्रेत्यांचे आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. त्या समितीत बसण्याचा अधिकार आपल्या मासळी विकणाऱ्या भगिनींनाही आहे, हे किती जणींना सांगितले गेले आहे? आपल्या मंडळाने या बाबतीत माहिती देण्याचे काम हाती घेतल्यास ते एखाद्या सत्कार समारंभाहून अधिक उपयोगी ठरेल.

दुसरी सूचना तरुणांना. ज्या स्त्रियांनी भात मापून बांगड्या भरल्या, त्या आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापाशी बसून विचारावे: आपल्या गावी कासार कोणत्या वाटेने येई, कोणत्या ओटीवर बसे, चुड्याला किती पायल्या भात पडे, कोणाची उधारी बुडाली आणि कोणाची माफ झाली. स्वतः पाटी घेऊन त्या कोणकोणत्या गावांना गेल्या आणि तेथे त्यांना पाणी कोणी दिले, हेही विचारावे. उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावीत. शुद्ध करीत बसू नये. प्रत्येक गावातून अशा पाच जणींच्या जरी आठवणी मिळाल्या, तरी पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांस जागा द्यावी, अशी संपादक मंडळास माझी विनंती आहे.

जमिनीचा इतिहास आपण लिहिला, लढ्याचा लिहिला. ओटीचा लिहावयाचा राहिला आहे. तो ज्यांच्या ध्यानात आहे, त्यांची संख्या वर्षागणिक कमी होत आहे, एवढे नम्रपणे निदर्शनास आणून हा लेख पुरा करितो.